आई-बाबांना कुठं बसवायचं

वीब्केचं काम जहाजांना जागा नेमून देण्याचं. ब्रेमरहाफेनच्या बंदरात कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागायचं, कुणाशेजारी कुणी उभं राहायचं नाही, कुणाला आधी वाट करून द्यायची, हे ती आपल्या टेबलाशी बसून ठरवायची आणि डोंगराएवढी धुडं मुकाट तिचं ऐकायची. त्यामुळं धाकट्या बहिणीनं, स्वान्त्येनं, सिसिलीत लग्न काढलं आणि त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी थोरल्या लेकीच्या, सात वर्षांच्या येट्टेच्या, ऑपरेशननंतर काही महिने विमानाचं नाव काढायचं नाही असं बजावलं, तेव्हा वीब्केचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळला.

"मग आगगाडीनं जाऊ," ती म्हणाली.

"सिसिली बेट आहे," तिचा नवरा त्यार्क म्हणाला.

"गाडी बोटीत चढते. आख्खी. डब्यांसकट."

हे ऐकून चार वर्षांचा मोमे जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आला. आगगाडी बोटीत चढते ही गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती, आणि एवढी मोठी गोष्ट घरच्यांनी आपल्यापासून लपवून ठेवली याचा त्याला जरा रागच आला. पुढचा महिनाभर तो भेटेल त्याला ही बातमी सांगत सुटला. पाववाल्या बाईंना तर त्यानं तीनदा सांगितली.

बेत सांगायला सोपा होता. ब्रेमेनहून दिवसाच्या गाडीनं म्युनिक, तिथून झोपायच्या गाडीनं आल्प्स ओलांडून रोम, आणि रोमहून ती बोटीत शिरणारी गाडी, जी पलीकडं मेसिनाला बाहेर येते आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं आचिरेआलेला नेऊन सोडते. आचिरेआलेला नवरा मुलगा नुन्त्सिओ शाळेत गणित शिकवायचा. तिकिटं काढायला बसल्यावर मात्र वीब्केला कळलं, की जहाजं बरी. प्रत्येक देशाची रेल्वे आपापल्या लहरीनं तिकिटं खुली करायची. एकीकडं तान्ह्या मुलाला तिकीट लागत नाही म्हणून ते पोर जन्मालाच आलेलं नाही असं धरून चालायचं, तर दुसरीकडं त्याच पोराची जन्मतारीख टाकल्याशिवाय पान पुढं सरकायचं नाही. आठ महिन्यांच्या फेन्याची जन्मतारीख टाकली की संगणक म्हणायचा, ही तारीख फार अलीकडची आहे. "तिला कुणी विचारून जन्माला घातलंय का," वीब्के पडद्याला म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पण खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. रात्रीचं जेवण झालं की ती पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसायची, मांडीवर संगणक, एका हातात फेन्या, आणि रोमच्या गाड्या बघता बघता लग्नाआधीची वीब्के असल्यासारखी शीळ घालायची. येट्टेला शेजारी बसून नावं भरायला मिळायची. नावाआधी श्री, श्रीमती की डॉक्टर असं विचारणारी एक चौकट होती आणि ती येट्टेच्या हाती लागली, हे वीब्केच्या उशिरा ध्यानात आलं. झोपायच्या गाडीचं तिकीट छापून आलं तेव्हा त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, डॉ. मोमे हार्म्स. बदलायला गेलं तर तिकीट रद्द करून नव्यानं काढावं लागणार होतं.

"राहू दे," त्यार्क म्हणाला. "घरात कुणीतरी शिकलेलं हवं."

हे तिकीट निघायच्या आधीच खरा घोटाळा होऊन बसला होता. तो असा.

वीब्केचे बाबा, हिनर्क, जन्मभर बंदरात मोठी जहाजं वाट दाखवत आत आणायचं काम करून निवृत्त झालेले. जे जमीन किंवा पाणी सोडून वर उडतं त्यात ते बसत नसत. ते आपल्याबरोबर येणार हे वीब्केनं धरूनच ठेवलं होतं. आई, आल्मुट, विमानानं येणार होती. सहा वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले होते. कारण विचाराल तर एक मोटार. झोपायची सोय असलेली, मागं छोटा गॅस असलेली जुनी गाडी, जिच्यातून दोघांनी मुली लहान असताना अर्धा युरोप पालथा घातला होता आणि जिच्यातून आता पोर्तुगालला जायचं असं आल्मुटनं ठरवलं होतं. एका दुपारी हिनर्कनं ती न विचारता विकली आणि येताना बागेत ठेवायची लाकडी खोली घेऊन आला. आल्मुटनं ती खोली बघितली, घरात गेली, आपली बॅग भरली आणि बहिणीकडं राहायला गेली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. नातवंडांचे वाढदिवससुद्धा वीब्के दोनदा करायची, एकदा सकाळचा, एकदा संध्याकाळचा. मुलांना वाटायचं सगळ्यांकडं असंच असतं.

आईचा फोन आला तो रविवारी.

"तुझे बाबा तुमच्याबरोबर येणार म्हणे," आल्मुट म्हणाली.

"हो. ते विमानात बसत नाहीत, तुला माहीत आहे."

"म्हणजे दोन दिवस नातवंडं त्यांच्या मांडीवर, आणि मी एकटी ढगात बसून सँडविच खायचं?"

"आई, तुझं तिकीट कधीच काढून झालंय."

"ते मी सकाळी रद्द केलं," आल्मुट म्हणाली. "मला खिडकी हवी."

वीब्के धावत संगणकाकडं गेली. लग्नाच्या आठवड्यातली झोपायची गाडी जवळजवळ भरली होती. बाबांसाठी दुसऱ्या डब्यात, आईसाठी तिसऱ्या डब्यात असं करावं म्हटलं तर एकेकटी जागा कुठंच उरली नव्हती. उरला होता एकच सहा जणांचा बंद कप्पा. फेन्या आईच्या कुशीत झोपणार, म्हणजे वीब्के, त्यार्क, येट्टे आणि मोमे मिळून चार जागा. वर दोन मोकळ्या.

"एका जहाजात तेल," वीब्के कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि एका जहाजात फटाके. मी अशी दोन जहाजं एका धक्क्याला लावली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं."

"मधे आपण असू," त्यार्क म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे आपणच जळू."

तिनं दोघांना वेगवेगळे फोन केले आणि परिस्थिती सांगितली. आई म्हणाली, माझी काही हरकत नाही, त्यांची असेल. बाबा म्हणाले, माझी काही हरकत नाही, तिची असेल. वीब्केनं डोळे मिटले आणि पैसे भरायचं बटण दाबलं. मग रोमहून पुढच्या गाडीत मात्र तिनं आपली सगळी विद्या पणाला लावली. मधल्या डब्यात ती स्वतः, त्यार्क आणि मुलं. बाबा पुढच्या डब्यात, आई मागच्या डब्यात. दोघांनाही खिडकी, दोघांच्याही जवळ नातवंडांना जाता येईल असं, आणि दोघांची नजरानजर होण्याची शक्यता शून्य. हे जमल्यावर ती सोफ्यावर उभी राहून नाचली. फेन्याला वाटलं हा खेळ आपल्यासाठीच आहे, ती टाळ्या पिटू लागली.

त्यार्क शाळेत संगीत शिकवायचा, ट्रॉम्बोन वाजवायचा. तालमीशिवाय जगात काही होत नाही असं त्याचं मत. तेव्हा एका शनिवारी त्यानं जाहीर केलं, की म्युनिकला गाडी बदलायची रंगीत तालीम होणार. घर म्हणजे एक गाडी, तळमजला म्हणजे दुसरी, मधला जिना म्हणजे फलाट. सगळ्या बॅगा, बाबागाडी, लग्नाचे कपडे, आहेराचा भलामोठा काचेचा दिवा, सगळं घेऊन उतरायचं. खालच्या मजल्यावरच्या ल्यूडेकेबाई हातात घड्याळ घेऊन स्टेशनमास्तर झाल्या. येट्टेनं शिट्टी मारली आणि हार्म्स कुटुंब जिन्यावरून जे कोसळलं, ते थेट ल्यूडेकेबाईंच्या पायपुसण्यावर. दिवा शाबूत होता. त्यार्कनं अभिमानानं बाईंकडं बघितलं.

"वेळेत आलात," ल्यूडेकेबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला तिसरं एक पोर होतं ना?"

फेन्या वर सोफ्यावर होती, मजेत आपला पाय खात. त्यार्क तीन तीन पायऱ्या चढत गेला. त्यानंतर तालमीत माणसं मोजायचा एक नियम आला. बॅगा नाही, आधी माणसं.

निघायच्या दिवशी आई-बाबा स्टेशनवर आले ते फलाटाच्या दोन टोकांनी. दोघांनी मुलांना कवटाळलं, वीब्केचे गाल ओढले, त्यार्कच्या पाठीवर थाप मारली, ओळख नसलेल्या एका कुत्र्यालाही कुरवाळलं आणि एकमेकांकडं बघितलं नाही. म्युनिकपर्यंत लहान मुलांच्या कप्प्यात हे सगळे जण बसून गेले. मोमेनं मधल्या मोकळ्या जागेत लाकडी गाडी फिरवली, येट्टेनं आजोबांना पत्त्यांत हरवलं, मग आजीला हरवलं. दोघांना एकत्र खेळायला बोलावलं तेव्हा आजोबांना अचानक पाय मोकळे करावेसे वाटले.

झोपायच्या गाडीत तिकीट तपासायला आलेल्या माणसानं यादी वाचली, सहा बिछान्यांवरून नजर फिरवली आणि डॉक्टर हार्म्स कोण असं विचारलं. मोमेनं हात वर केला. त्याच्या अंगात अस्वलांची चित्रं असलेला झोपायचा सदरा होता. तो माणूस गंभीरपणे वाकला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सकाळी चहा की दूध?" मोमे म्हणाला, दूध, आणि ही गाडी पुढं बोटीत चढते का. ही नाही, तो माणूस म्हणाला, पण पुढची नक्की. आल्मुट वरच्या बिछान्यात तोंडावर उशी धरून हसत होती. समोरच्या वरच्या बिछान्यात हिनर्कही उशी धरून हसत होता. खालून त्या दोन हलणाऱ्या उशा वीब्केला दिसल्या. मग दिवे मालवण्याची वेळ आली.

"मोमे, आजीला सांग, तिच्या बाजूचा दिवा डोळ्यावर येतो."

"आजी, दिवा डोळ्यावर येतो."

"मोमे, आजोबांना सांग, डोळे मिटले की येत नाही."

हे बराच वेळ चाललं. मोमेला ते काम आवडलं होतं. शेवटी निरोप्यालाच झोप लागली आणि दिवा तसाच राहिला.

सकाळी रोमला दूध, बन आणि बाबागाडीच्या चाकाची थोडी मारामारी करून सगळे पुढच्या गाडीत बसले. बाबा पुढच्या डब्यात, आई मागच्या डब्यात, मुलं मधल्या वाटेनं दोन्हीकडं येजा करत. वीब्के आपल्या जागेवर रेलून बसली आणि आपण केवढं काम केलं हे तिला पहिल्यांदा जाणवलं. खिडकीबाहेर समुद्र होता. फेन्या झोपली होती. त्यार्क तिच्याकडं बघून म्हणाला, "तू सरकारात असायला हवी होतीस."

दुपार कलल्यावर गाडी समुद्राशी येऊन थांबली. मग मागं गेली, पुढं आली, परत मागं गेली, आणि हळूहळू एका मोठ्या बोटीच्या उघड्या तोंडात शिरू लागली. एवढी लांब गाडी बोटीत सरळ मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करून शेजारी शेजारी रुळांवर उभे करतात. मोमेनं खिडकीच्या काचेला नाक लावलं होतं. महिनाभर सगळ्या ब्रेमेनला सांगितलेली गोष्ट खरी निघाली, आणि आता बोलायला काही उरलं नव्हतं.

त्यार्क झोपलेल्या फेन्याजवळ थांबला. बाकीचे लोखंडी जिन्यानं वर डेकवर गेले. वारा असा सुटला होता, की वीब्केचे केस येट्टेच्या तोंडात जात होते. बोटीवरच्या टपरीत भाताचे तळलेले गोळे मिळत होते, आतून चीज ओघळणारे. येट्टेनं दोन खाल्ले. हिनर्कला मात्र वारा नको होता, खाणं नको होतं; डबे बोटीत कसे बांधून ठेवतात ते त्याला बघायचं होतं. मोमेला घेऊन तो खाली जाताना दिसला. पाठोपाठ आल्मुट गेली. जाताना वीब्केला म्हणाली, "तुझ्या बाबांचं लक्ष दोरखंडांकडं असेल, पोराकडं नाही." वीब्के मनात म्हणाली, चला, मोमे आईजवळ आहे, आणि शेवटचा गोळा स्वतः खाल्ला.

मेसिना आलं. लोक आपापल्या डब्यात परतले. गाडी बोटीतून बाहेर आली, तिच्या दोन गाड्या झाल्या, एक उत्तर किनाऱ्यानं पालेर्मोकडं, एक दक्षिणेला आचिरेआलेकडं. वीब्केची गाडी सुटली. माणसं मोजायचा नियम होता, तेव्हा त्यार्कनं माणसं मोजली, आणि ती कमी भरली, पण त्यात नवल काहीच नव्हतं. बाबा पुढच्या डब्यात, आई मागच्या डब्यात, मोमे आईजवळ. सगळं वीब्केनं आखल्याप्रमाणं.

थोड्या वेळानं ती आईसाठी ठेवलेला भाताचा गोळा घेऊन मागच्या डब्यात गेली. खिडकीजवळची जागा रिकामी होती. सीटवर आईचं विणकाम होतं. ती संडासाशी जाऊन आली. मग पुढच्या डब्यात गेली. बाबांच्या जागेवर बाबांची टोपी होती. ती आपल्या डब्यात परत आली तेव्हा तिच्या हातात गोळा तसाच होता.

"त्यार्क," ती म्हणाली, "ते कुणीच नाहीत."

तिनं आईला फोन लावला. मागच्या डब्यात विणकामाच्या पिशवीत फोन वाजल्याचा आवाज येट्टेनं पळत जाऊन ऐकून आणला. बाबांना फोन लावण्यात अर्थ नव्हता. फोन ही घरात ठेवायची वस्तू असं ते मानत. वीब्केच्या डोळ्यांपुढं बोटीतले रूळ आले, शेजारी शेजारी उभे असलेले सारखे डबे, सारखे दरवाजे, सारखे निळे पडदे. तिचा चेहरा पांढरा पडला. आपण दोघांना एवढं दूर बसवलं नसतं तर तेव्हाच कळलं असतं, हे तिला त्यार्कनं सांगितलं नाही, पण ते तिला त्याच्या तोंडावर वाचता आलं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वीब्के, घाबरू नकोस," आल्मुटचा आवाज आला. आई असं म्हणाली की घाबरायचं असतं, हे वीब्केला लहानपणापासून माहीत होतं.

"मोमे कुठाय?"

"मजेत आहे. एका सैनिकानं त्याला आपली टोपी घातलीय. हा त्याचाच फोन. मला एवढंच सांग, आपल्या गाडीतून समुद्र डावीकडं दिसतो का उजवीकडं?"

वीब्केनं खिडकीबाहेर बघितलं. "डावीकडं."

"हं," आल्मुट म्हणाली. "इथं उजवीकडं दिसतो. म्हणजे हे बरोबर सांगत होते."

वीब्केच्या हातातला गोळा खाली पडला. सहा वर्षं आईच्या तोंडून बाबांसाठी 'तुझे बाबा' याखेरीज दुसरा शब्द आला नव्हता. 'हे' म्हणाली होती ती.

"आई, तुम्ही पालेर्मोच्या गाडीत आहात."

"ते कळलं आता. मी चढतानाच—"

"मी चढतानाच म्हणालो होतो, डबा वेगळा वाटतो," मागून हिनर्कचा आवाज आला.

"तुम्ही मला नाही म्हणालात. मोमेला म्हणालात."

"मग मोमेनं तुला सांगायचं होतं."

"अहो, तो चार वर्षांचा आहे. तोंड दिलंय ना देवानं, मला सांगायचं सरळ."

"तुला सांगून काय उपयोग? मघाशी वीब्केचा नंबर सांगत होतो, तो तरी ऐकलास? चौऱ्याहत्तरचं सत्तेचाळीस करून कुणा बिचाऱ्याला झोपेतून उठवलंस."

"आणि गाडी विकलीत तेव्हा? तेव्हा सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर विकू दिली असतीस?"

"नाही."

"मग."

"मग काय मग? त्या लाकडी खोलीत बसून पोर्तुगाल दिसतं का तुम्हाला?"

वीब्केनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि तो दोन सीटांच्या मधे धरला. येट्टे कान टवकारून बसली. समोरच्या बाकावरच्या इटालियन बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण विषय त्यांच्या लगेच ध्यानात आला आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

"त्यार्क," वीब्के कुजबुजली, "ते भांडतायत. एकमेकांशी." आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. तिचं बघून येट्टे हसायला लागली, येट्टेचं बघून त्या बाई, आणि त्या गडबडीनं जागी झालेली फेन्याही काही न कळता खिदळू लागली. त्यार्क एकटा शुद्धीवर होता. त्यानं फोन आपल्याकडं घेतला, पुढचं स्टेशन मिलात्सो आहे, तिथं उतरा, हलू नका, असं दोघांना ओरडून सांगितलं. मग सैनिकाचे आभार मानले. सैनिक म्हणाला, घाई नाही, हे छान चाललंय, पण मलाही तिथंच उतरायचंय.

मग नुन्त्सिओला फोन झाला. गणिताचा मास्तर, तो घाबरला वगैरे नाही. मिलात्सोत माझी आगातिना आत्या राहते, तो म्हणाला, ती उद्या येणारच आहे, आज येईल. आगातिना आत्या घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून स्टेशनवर गेली. माणसं कशी ओळखायची हे तिनं विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही पडली नाही. आख्ख्या फलाटावर जर्मन भाषेत कडाकडा भांडणारं एकच जोडपं होतं, आणि त्यांच्या मधे सैनिकाची टोपी घातलेलं एक पोर आगगाडी बोटीत कशी चढते ते हमालाला सांगत होतं. टोपी त्यानं परत केलेली नव्हती.

पुढचं वीब्केला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आत्यानं तिघांना घरी नेलं, बसवलं, आणि खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. शेजारणी बघायला आल्या. हिनर्कला वांग्याचं काहीतरी एवढं आवडलं, की त्यानं आल्मुटला ते कसं करतात हे विचारायला लावलं, आणि आल्मुट म्हणाली, स्वतः विचारा. मग आत्यानं मोटार काढली. मागच्या सीटवर मोमे आजीच्या मांडीवर झोपला, आणि वाटेत कुठला फाटा घ्यायचा यावरून पुढच्या सीटवर बसलेला हिनर्क आणि मागची आल्मुट, ज्यांना त्या रस्त्याची काडीची माहिती नव्हती, ते आचिरेआलेपर्यंत हुज्जत घालत आले. आत्या म्हणे मधूनमधून दोघांनाही मान हलवून दाद देत होती.

आचिरेआलेला नुन्त्सिओच्या घरी अंगणात लांब टेबल मांडलं होतं. उजेड अजून सरला नव्हता. स्वान्त्ये वेड्यासारखी आत-बाहेर करत होती. तिनं उद्याच्या जेवणाच्या जागा ठरवताना आईला एका टोकाला आणि बाबांना दुसऱ्या टोकाला बसवलं होतं, मधे नवऱ्याकडचे सगळे चुलते भिंतीसारखे उभे केले होते. बहिणीच्या अंगात हेच रक्त होतं. फाटकाशी मोटार थांबली तेव्हा ती आणि वीब्के दोघी धावत गेल्या.

आधी आत्या उतरली, झोपलेल्या मोमेला खांद्यावर घेऊन. मग मोटारीच्या मागच्या बाजूनं एक प्रचंड परात आली, रिकोटा चीज भरलेल्या तळलेल्या नळ्यांची, पांढऱ्या कापडानं झाकलेली. आत्याचा आहेर. ती एका माणसाला उचलणं शक्य नव्हतं. तिचं एक टोक हिनर्कच्या हातात होतं, दुसरं आल्मुटच्या.

"डावीकडं," आल्मुट म्हणाली.

"तुझं डावं की माझं?"

"जे खरं डावं आहे ते."

"मी उलटा चालतोय, आल्मुट."

"चाळीस वर्षं उलटंच चालताय. पायरी आहे, सांभाळा."

अंगणातली सगळी माणसं हातातलं टाकून बघत राहिली. परात हळूहळू पायऱ्या चढली, दारातून तिरकी झाली, एका खुर्चीला घासली आणि टेबलावर अलगद टेकली. एकही नळी हलली नव्हती. हिनर्कनं कपाळ पुसलं. आल्मुटनं परातीवरचं कापड नीट केलं आणि आपली बाजू बरोबर होती असा चेहरा करून सगळ्यांकडं बघितलं.

स्वान्त्येनं वीब्केचा दंड एवढा घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथं खूण दिसत होती.

"तू काय केलंस?" तिनं विचारलं.

"मी त्यांना दोन वेगळ्या डब्यांत बसवलं होतं," वीब्के म्हणाली. "शपथ."

लग्न झालं. ते बाहेरच्या चौकात, दगडी चर्चसमोर, सगळ्या गावानं मोटारींचे भोंगे वाजवून साजरं केलं. त्यार्कनं कुणाचा तरी ट्रॉम्बोन मागून घेतला आणि तो परत द्यायला विसरला. सोहळ्यात हिनर्क फेन्याला खांद्यावर घेऊन नाचला, आणि त्याची पावलं चुकतात हे आल्मुटनं त्याला जवळ जाऊन सांगितलं. दोघं काही परत एका घरात राहायला गेले नाहीत, आणि तसं कुणी सुचवलंही नाही. पण हल्ली रविवारी सकाळी आईला फोन लावला की तो बराच वेळ लागत नाही, आणि बाबांचाही तेव्हाच लागत नाही. हिनर्कला त्यासाठी खिशात ठेवायचा फोन विकत घ्यावा लागला.

वीब्केला मात्र लग्नातलं फारसं आठवत नाही. पहिल्या भाषणालाच ती खुर्चीत झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून, पायातले बूट काढून, मांडीवर येट्टे. कुणीतरी तिच्या अंगावर टेबलक्लॉथ घातला होता. परतीचा प्रवासही आगगाडीनंच झाला, सगळ्यांचा मिळून, पण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. रोमच्या पुढं कुठंतरी फेन्याला पहिला दात आला, एवढंच.